लगाम धरणारा

अनुजाने चित्र मोठं केलं आणि तिचा हात माऊसवरच थांबला. जनरलसाहेब पांढऱ्या घोड्यावर ऐटीत बसले होते. छातीवर पदकं, कमरेला तलवार. घोड्याच्या तोंडाशी लगाम धरून एक सावळा माणूस उभा होता, अनवाणी.

लोअर परळच्या एका छोट्या कंपनीत ती कपांवर, टीशर्टांवर छापायची चित्रं तयार करायची. ही ऑर्डर इंग्लंडच्या एका बाईंची होती. हा जनरल त्यांचा पूर्वज. घराण्याचा मेळावा भरणार होता आणि पाहुण्यांना वाटायला त्याच्या जुन्या तैलचित्राचे माऊस पॅड हवे होते. सूचना एकच: उजवीकडचा माणूस काढा, तिथे जनरलचं नाव टाका.

काम चुटकीसरशी होण्यासारखं होतं. लग्नाच्या फोटोंतून नको असलेले मेहुणे तिने हसत हसत उडवले होते. पण आज तिने त्या माणसाला पुसलं, परत आणलं, पुन्हा पुसलं. मध्येच उठून पाणी पिऊन आली.

"झालं का गं?" हितेंद्र सरांनी केबिनमधून विचारलं.

"करतेय, सर."

झालं नाही. संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊनच घोडपदेवला घरी गेली. चहा द्यायला आलेली आई, कमल, खांद्यावरून डोकावली.

"ह्यो कोण गो?"

"जनरल. जुना इंग्रज."

"तो नाय. ह्यो, खाली उभो आसा तो."

"काय माहीत. नोकर असेल. त्याला काढायचंय."

आईने चित्राकडे नीट पाहिलं. "आणि मग घोडो कोण धरतलो?"

अनुजा हसली, पण चहा तसाच निवत राहिला. कितीतरी वेळ ती गॅलरीत येरझाऱ्या घालत होती.

सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने मेल लिहायला घेतला. 'हा माणूसही तुमच्या चित्रातलाच आहे, त्याला पुसणं मला बरं वाटत नाही,' असं लिहिलं. वाचलं. खोडलं. मग लिहिलं, की माणूस काढला तर लगाम हवेत लोंबकळतो, घोडा विचित्र दिसतो. नाव खालच्या पट्टीत छान बसेल. माणूस काढलेला आणि ठेवलेला, असे दोन्ही नमुने जोडले आणि पाठवून दिले.

हितेंद्र सर भडकले. "क्लायंटने विचारलं होतं का तुला? ऑर्डर गेली तर?"

मग तिचं कशात लक्ष लागेना. दर थोड्या वेळाने मेल उघडून बघायची. डबा अर्धा तसाच परत गेला.

उत्तर दुपार उलटल्यावर आलं. बाईंनी लिहिलं होतं, 'बरोबर आहे तुमचं. घोडा खरंच विचित्र दिसतो. माणूस राहू द्या.'

"बघ, घोड्याचं सुचवलंस ते बेस्ट केलंस," सर आता खुशीत होते. "छापायला टाक."

तिने फाइल छपाईला पाठवली. मनासारखं झालं होतं, तरी तिला खुर्चीत बसवेना. तो माणूस राहिला तो घोडा बरा दिसावा म्हणून. आणि तसं सुचवलं होतं तिनेच.

तिने पुन्हा मेल उघडला. 'या माणसाचं नाव तुमच्याकडे कुठे नोंदलेलं आहे का?'

या वेळी उत्तर लगेच आलं. 'नाही. कधी कुणी विचारलं नाही. तुम्ही का विचारताय?'

अनुजाने केबिनकडे पाहिलं. सर फोनवर होते. सकाळी खोडलेलं वाक्य तिने जसंच्या तसं पुन्हा लिहिलं आणि पुढे भर घातली: 'घोड्याचं कारण मी नंतर शोधलं. खरं कारण हे होतं.'

पाठवलं. ती उठली आणि मशीनवरून उतरणारे गरम पॅड तपासायला गेली.