झालरीचं फूल

ताईने चिमट्याने फूल उचललं आणि उकळत्या पाण्याच्या वाटीत अलगद सोडलं. वाळून कागद झालेलं ते फूल आधी पाण्यावर तरंगलं, मग पाणी पीत पीत मऊ झालं आणि तळाशी बसलं. अशी फुलं उकळण्यात तिची उमर गेली होती. तिने चिमटा खाली ठेवला.

शीटवर, म्हणजे जाड कागदावर, चिकटवलेल्या त्या रोपाला दोनच फुलं होती. एक राखून ठेवायचं, एक उघडायचं. उघडल्याशिवाय चित्र होत नाही आणि चित्राशिवाय नवी जात जगापुढे मांडता येत नाही. रोप तिच्या धाकट्या भावाने आणलं होतं, डोंगरापलीकडच्या उभ्या कड्यावरून. मग आठवडाभराने तो त्याच कड्यावर पुन्हा गेला, आणि परत आला नाही. त्याला आणावं लागलं.

भिंत म्हणू नका, कुंपण म्हणू नका, दिसेल त्यावर चढायचा म्हणून लहानपणीच घरात त्याचं नाव मुंगळा पडलं होतं. ते पुढे दोघं काम करायचे त्या वनस्पतिसंग्रहालयातही त्याला चिकटलं. बहीणभाऊ एकच विषय शिकले. ती चित्रांकडे वळली, तो डोंगरांकडे. तो आणायचा, ती काढायची. "मी हमाल, तू कारागीर," असं म्हणून तो चिखलाचे बूट घालून थेट तिच्या टेबलापर्यंत यायचा आणि शिव्या खायचा. आता टेबलाखालची फरशी महिनोन् महिने स्वच्छ होती.

शोकसभेत विभागप्रमुखांनी जाहीर केलं होतं, या नव्या जातीला त्याचं नाव देऊ. मुंगळा त्यांचाच विद्यार्थी. पहिल्या रांगेत आई बसली होती. तोवर तिने अन्नपाणी जवळजवळ सोडलंच होतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ती आपणहून ताटावर बसली आणि म्हणाली, "माझ्या लेकाच्या नावाचं फूल येणार आहे पुस्तकात." तेव्हापासून तिने ते शेजारणीला सांगितलं, दूध टाकणाऱ्याला सांगितलं, मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितलं. एकदा चुकून कुणाचा फोन लागला तर त्यालाही सांगितलं, आणि तो भला माणूस शेवटपर्यंत ऐकत राहिला.

त्या सभेला मुंगळ्याची बायको आली नव्हती. तो तिला सरकार म्हणायचा. "थांबा, सरकारची परवानगी काढतो," असं म्हणून सगळ्यांसमोर तिला फोन लावायचा. त्याला घरी आणलं त्या दिवशी आई दुःखाच्या भरात सुनेला बोलून गेली, "तू अडवायला हवं होतंस गं त्याला." सून काही न बोलता उठली ती चालती झाली. त्यानंतर तिने सासरचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि आईनेही निरोप धाडला नव्हता. शब्द गेला तो गेला.

ताईने मऊ झालेलं फूल काचेवर घेतलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

पाकळ्यांच्या कडेला लांब पांढऱ्या केसांची झालर होती. त्या झालरीवरच सगळी इमारत उभी होती. विभागप्रमुख सरांनी लेखात लिहिलं होतं, जवळच्या कुठल्याच जातीला अशी झालर नाही. ताईने सुईने पाकळ्या एकेक करून सुट्या केल्या. एका पाकळीला केस दाट होते, दुसरीला विरळ, तिसरीला अर्ध्यापर्यंतच. तिने केस बाजूला सारले. त्यांच्या मुळाशी पांढुरके कण दाटीवाटीने पडले होते. पराग असतील म्हणून तिने भिंगाची ताकद वाढवली.

कणांना पाय होते.

गाजरासारखी निमुळती अंगं, आणि जाड टोकाला चार पाय. कोळीकीड. ही कीड कळीतच रस शोषायला लागते, आणि ती जिथे शोषते तिथे झाडाला केस फुटतात, आपल्या अंगावर पित्त उठावं तसे. ताईने शीटवरचं दुसरं फूल न काढता तसंच भिंगाखाली सरकवलं. तिथेही तेच. कीड वजा केली, केस वजा केले, तर खाली उरत होतं ते गटाराच्या कडेला, पडक्या भिंतीच्या फटीत, कुठेही उगवणारं एक रोप. लोकांच्या पायाखाली येणारं. त्याला नाव कधीचंच होतं.

तिने कोरा कागद पुढे ओढला. मग टाक शाईत बुडवून तिने पाकळी काढली. केस काढले, एकेक, मुळापासून टोकापर्यंत. चित्र देखणं उतरत होतं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. जे काढलं नाही ते कुणी शोधायला येत नाही. तिने टाक पुसून ठेवला. उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली. मग सगळ्यांत बारीक टाक घेतला आणि केसांच्या मुळाशी किडे काढायला बसली, प्रत्येकाचे चारही पाय.

विभागप्रमुखांनी ते चित्र हातात घेतलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आलं. मग ते चित्र खिडकीजवळ घेऊन गेले आणि पाठमोरेच उभे राहिले.

"दोन्ही फुलांवर?"

"हो सर."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा पुसला.

"एका पाकळीला झालर कमी आहे, हे मला दिसलं होतं. म्हटलं, वाळताना झडली असेल. आता वाटतं, मला तसंच वाटून घ्यायचं होतं. लेख मागे घेतो मी. पण तुझ्या आईला काय सांगायचं?"

"मी बघते," ताई म्हणाली. काय बघणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आईकडे जायला पाय उचलेना. संध्याकाळी ती भावजयीकडे गेली. भावजय चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. नुकतीच कामावरून आली होती. दार उघडून ती बाजूला झाली.

"या ताई."

तिने चहा केला. त्यात साखर घालायची राहिली होती, पण दोघींपैकी कुणीच तसं म्हटलं नाही. ताईने पिशवीतून चित्र काढून टेबलावर ठेवलं. भावजय हात न लावता वाकून बघत राहिली.

"हेच ते?"

"हेच. चित्रात मोठं दिसतंय. एरवी नखाएवढं."

"एवढंच?"

"एवढंच."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली. ताईला वाटलं, आता बोललं नाही तर पुन्हा बोलणं व्हायचं नाही.

"आणि ते नवीनही नाहीये गं," ती म्हणाली. झालर, कीड, पायाखालचं रोप, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. मान खाली घालून ती वाट बघत राहिली. भावजय ओरडेल, रडेल, चित्र फाडून टाकेल.

"त्याला वाटतच होतं तसं," भावजय म्हणाली.

ताईने मान वर केली.

"मी म्हटलं होतं, एकदा मिळालं ना, मग परत कशाला जातोस? रविवार आहे, घरी थांब. तर म्हणे, झालर बघून सगळे नाचायला लागलेत, पण मला काहीतरी खटकतंय. सर छापून मोकळे होतील आणि मग हसं होईल त्यांचं. त्याच रोपावर एक जरी बिनझालरीचं फूल मिळालं की विषय संपला, मुंगळा घरी."

"मला बोलला नाही."

"खात्री होईपर्यंत ताईला सांगायचं नाही म्हणाला. ती लगेच काढायला बसेल आणि डोळे फोडून घेईल." भावजयीने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मी म्हटलं, आणि नाहीच मिळालं तसं फूल तर? म्हणे, तर मग नवीन. मग सरकारचं नाव देऊ त्याला. मी म्हटलं, काही नको, माझं नाव गवताला नको. त्यावर हसत हसत गेला."

"तू हे आधी का नाही सांगितलंस? तेव्हाच?"

"कुणाला सांगणार? सभेत नाव जाहीर झालं. शेजारणीकडून कळलं, आई जेवायला लागल्या. मग कुठल्या तोंडाने सांगू, की ज्या फुलाच्या भरवशावर त्या जेवताहेत त्याच्यावर त्यांच्या लेकाचाच विश्वास नव्हता?"

आई दिवसातून दहादा जिच्या नावाने सुस्कारे सोडत होती, ती इथे एकटी बसून आईचं ताट राखत होती.

"मला एकच गोष्ट सुटत नाही," भावजय म्हणाली. "तो वर जाताना पडला की खाली येताना?"

"पाहिलं नाही कुणी."

"तेच. डोळे मिटले की तो मला चढतानाच दिसतो. चढतोय, चढतोय. मी खालून हाक मारते. वळूनसुद्धा बघत नाही."

ती उठली, स्टूल ओढून त्यावर चढली आणि कपाटावरून एक सॅक खाली घेतली. ज्यांनी त्याला खाली आणलं त्यांनीच ती दारात आणून दिली होती. तेव्हापासून तिने ती उघडली नव्हती. पट्ट्यांवर वाळलेली माती होती. ती जमिनीवर सांडली तशी भावजय म्हणाली, "राहू द्या," आणि तिथेच बसली. चेन ताईने उघडावी म्हणून तिने तिच्याकडे बघितलं.

आत पाण्याची बाटली होती, दोरीचं वेटोळं होतं, एक जास्तीचा मोजा होता, एकच. त्याच्याखाली रोपं दाबून वाळवायच्या दोन फळ्या. एका फळीचा कोपरा तुटला होता, पण दोन्ही पट्टे शेवटच्या भोकापर्यंत आवळलेले होते. ताईचा हात त्या पट्ट्यांवर थांबला. मुंगळ्याची रीत तिला माहीत होती. शोध चालू असेपर्यंत रोपं प्लास्टिकच्या पिशवीत राहायची. फळ्यांत घालून पट्टे आवळायचे ते काम संपल्यावर, निघायच्या वेळी. "पट्टे आवळले की दुकान बंद," म्हणायचा.

तिने पट्टे सोडले. वर्तमानपत्राची घडी उलगडली.

मुळासकट एक रोप होतं. डावीकडच्या फांदीवर झालरीची फुलं, उजवीकडच्या फांदीवर झालर नसलेली, गुळगुळीत कडांची, साधी. एरवी रोपं कशीतरी कोंबणाऱ्या मुंगळ्याने हे मात्र नीट मांडलं होतं. पाकळ्या एकमेकींवर पडू नयेत म्हणून मध्ये कागदाचे कपटे घातले होते. चित्र काढणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

ताईने तोंडावर हात धरला.

"ही बिनझालरीची ना?" भावजयीने विचारलं.

ताईने मान डोलावली.

"म्हणजे मिळालं होतं त्याला."

"मिळालं होतं. सगळं आटपून, बांधून घेतलं होतं. नवीन नाही हे त्याला कळलं होतं." ताईने पट्टा तिच्या हातात दिला. "हे तो निघतानाच आवळायचा गं. नेहमी."

भावजयीने पट्ट्याचं शेवटचं भोक अंगठ्याने चाचपलं. कितीतरी वेळ चाचपत राहिली.

"मग तो येत होता," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. मुंगळ्याला आणलं त्या दिवशी जी रडली नव्हती, ती सॅकवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचेही डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाक मारली.

अंधारून आलं तशी ताईने रोप पुन्हा कागदात ठेवलं, फळ्या जुळवल्या आणि उठली.

"आईकडे जाते. नाव मिळणार नाही हे तिला आज ना उद्या कळणारच. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा…" पुढे तिला बोलवेना. "पुन्हा जेवण टाकेल बघ ती."

भावजयीने बेसिनशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. तोंड बाहीनेच पुसलं. मग कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवल्या आणि खिळ्यावरची कुलूपकिल्ली काढली.

"आईंना मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही नुसत्या सोबत चला."