लेडी अ‍ॅराबेलाची खुर्ची

हॅदरबी हॉलमध्ये भुतं एकूण तीन. त्यातली दोन जुनी, खानदानी. एक मुंडकं नसलेला सरदार, जो परसातल्या कोबीच्या वाफ्यांतून फिरतो. त्याला शेवटचं पाहिलं एका स्वयंपाक्यानं, आणि तो स्वयंपाकी कामावरून का गेला हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नाही. दुसरं भूत म्हणजे मागच्या जिन्यावरची पावलं. ती पावलं नसून गरम पाण्याचे नळ आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरं भूत मात्र ताजं. नऊ वर्षांपूर्वी, एका पावसाळी बुधवारी दुपारी सव्वातीन वाजता, ह्युबर्ट ग्रिमशॉनं ते स्वतःच्या तोंडानं जन्माला घातलं होतं.

ह्युबर्टनं पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि पस्तीस वर्षांत एकाही वर्गानं तो ऐकला नाही. निवृत्त झाला, बायको गेली, घरात बोलायला रेडिओ उरला, आणि रेडिओही त्याला बोलू देईना. म्हणून तो हॅदरबीत स्वयंसेवक झाला. तिथे दर खोलीत एक म्हातारं माणूस उभं करतात आणि आल्यागेल्याला माहिती सांगायला लावतात. समोरच्यानं तिकीट काढलेलं असल्यामुळे तो लगेच पळून जाणार नाही, असा ह्युबर्टचा हिशेब होता.

हिशेब चुकला, कारण त्याच्या वाट्याला पिवळी खोली आली. घर बांधलं चारशे वर्षांपूर्वी लोकरीच्या एका व्यापाऱ्यानं. त्याच्या नातवानं मेणबत्ती उशाशी घेऊन झोपून त्यातलं अर्धं जाळलं, आणि पणतूनं ते पुन्हा बांधलं, या खेपेला जरा वाकडं. एवढ्या सगळ्या भानगडींत पिवळ्या खोलीत मात्र कधीही काहीही घडलं नव्हतं. एक पलंग, एक तस्त, खिडकीशी पिवळ्या रेशमाची एक बुटकी, रुंद खुर्ची. लोक दारातून डोकावत, "पिवळी आहे," म्हणत आणि पुढे सरकत. पुढे होती राणीची खोली, आणि त्या खोलीत माहिती सांगायला मर्टल. तिथल्या पलंगावर कुठलीशी राणी एक रात्र झोपली होती. झोपली कसली, दाढदुखीनं रात्रभर जागीच होती, पण लोक टाचा उंचावून तो पलंग बघत आणि मर्टल भाव खाई.

त्या बुधवारी मर्टलच्या खोलीत बावीस माणसं होती. ह्युबर्टकडे दोन बायका, त्याही ओले कोट वाळवायला थांबलेल्या. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि तो स्वतःला बोलताना ऐकू लागला.

"या खुर्चीत लेडी अ‍ॅराबेला बसते."

"कोण?" एकीनं विचारलं.

"तिचा नवरा जहाजावर गेला, तो आलाच नाही. अजून वाट बघत बसते बिचारी. दिसत नाही. पण असते." आणि सवयीनं त्यानं जहाज बुडालं त्या जागेचे अक्षांश-रेखांशही सांगितले. बायका कोट विसरल्या. पुढच्या रविवारी त्यांनी आठ मैत्रिणी आणल्या. दोन वर्षांत लेडी अ‍ॅराबेला माहितीपुस्तिकेत छापून आली, रेखांशासकट. अशी लोणकढी थाप पचली की माणूस जरा ताठ चालतो. ह्युबर्ट तर इतका ताठ चालू लागला की पाठीच्या डॉक्टरनं त्याचं कौतुक केलं.

आणि मग ते बोंड पडू लागलं.

हे घर सांभाळणाऱ्या संस्थेचा नियम असा, की जुन्या खुर्च्यांवर पाहुण्यांनी बसायचं नाही. पण 'बसू नका' अशी पाटी लावणं पडलं उद्धटपणाचं. म्हणून अशा प्रत्येक जुन्या, मोलाच्या खुर्चीवर बागेतलं एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात. बघून बसणाऱ्याला ते कळतं, न बघता बसणाऱ्याला जास्तच कळतं. पुस्तिका छापून आली त्याच वर्षी, एका रविवारी ह्युबर्ट साडेदहाला खोलीत आला तर पिवळ्या खुर्चीवरचं बोंड जमिनीवर. पहिल्यांदा त्याला वाटलं, झाडणारीचं काम. दुसऱ्या रविवारी वाटलं, वारा. चौथ्या रविवारी त्याची पाचावर धारण बसली. पाहुण्यांना तो ते बोंड पुरावा म्हणून ऐटीत दाखवी, पण सकाळी आत जाण्याआधी दार वाजवी. एकदा तर "माफ करा, बाईसाहेब," असंही म्हणाला. स्वतःच्याच थापेला घाबरणारा माणूस साऱ्या परगण्यात आपल्याशिवाय दुसरा नसेल, हे त्याला कळत होतं. पण कळल्यानं भीती थोडीच कमी होते?

हे सात वर्षं चाललं. मग एका ऑक्टोबरात घराची व्यवस्थापक फिलिपा चहाच्या वेळी टाळ्या वाजवत आली. "ह्युबर्ट, आनंदाची बातमी! भुतांचा शोध घेणारी काही मंडळी येतायत. पुढच्या शनिवारपासून वर्षभर पिवळ्या खोलीत कॅमेरा. सगळं जगाला दिसणार!"

"बरं झालं बाई," मर्टल बिस्किट बुडवत म्हणाली. "कळेल तरी कोण बसतंय ते. काय रे ह्युबर्ट, घाम का फुटलाय तुला?"

"चहा गरम आहे," ह्युबर्ट म्हणाला.

चहा गार झाला होता. कॅमेऱ्यात भूत दिसलं नाही तर तो तोंडघशी पडणार होता. आणि दिसलं तर? तो विचार त्यानं चहाबरोबर गिळला.

मधे एक रविवार होता, ऑक्टोबरातला शेवटचा. त्या पहाटे, हिवाळा आला म्हणून, देशातली सगळी घड्याळं एक तास मागे घ्यायची असतात. ह्युबर्टनं पस्तीस वर्षं पोरांना पृथ्वीचं फिरणं शिकवलं होतं, आणि घड्याळ मागे घ्यायला नेमका तोच विसरला. हॅदरबीला पोचला तर आवारात एकही गाडी नाही. सगळे उशीर करतात, आपणच तेवढे वक्तशीर, असं स्वतःला शाबासकी देत त्यानं बाजूचं दार किल्लीनं उघडलं आणि तो वर गेला.

पिवळ्या खोलीचं दार किलकिलं होतं. आतून खुर्ची करकरली.

ह्युबर्टची दातखीळ बसली. रोजच्यासारखा त्यानं दार वाजवायला हात उचलला. आणि तेवढ्यात त्याला वास आला, भाजलेल्या पावाचा आणि संत्र्याच्या मुरंब्याचा. भुताला न्याहारी लागते असं कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. त्यानं दार ढकललं.

खुर्चीत मिस व्हेनिंग बसली होती. हॅदरबीच्या घराण्यातली शेवटची, एक्याण्णव वर्षांची. चाळीस वर्षांपूर्वी तिनं हे घर सामानसुमानासकट संस्थेच्या स्वाधीन केलं होतं आणि मरेपर्यंत राहायला पूर्वेकडच्या दोन खोल्या मागून घेतल्या होत्या. पाहुण्यांत ती कधी येत नसे, लांबून बागेत दिसे तेवढीच. आत्ता तिच्या अंगात घरातला झगा, पायात चिखलाचे बूट, मांडीवर बशी. काटेरी बोंड जमिनीवर.

"मिस्टर ग्रिमशॉ," ती म्हणाली, "तुम्ही तासभर आधी आलात."

ह्युबर्टनं मनगटाकडे पाहिलं. "अरे देवा. घड्याळ!"

"भूगोलाचे मास्तर ना तुम्ही?"

"हो, बाईसाहेब."

"वाटलंच." तिनं पावाचा तुकडा मोडला. "ही माझ्या आईची खुर्ची. ती इथे बसायची आणि मी खाली गालिच्यावर. माझे केस विंचरायची. फार ओढायची हो. रविवारी या वेळी घरात कोणी नसतं, म्हणून येते."

"पण तुम्ही केव्हाही येऊ शकता, बाईसाहेब. पाहुणे असले म्हणून काय झालं!"

"आले होते की एकदा. तुम्हीच होतात इथे, नवे होतात. 'बाई, खुर्च्या बघायला आहेत, बसायला नाहीत,' असं म्हणालात. अगदी नम्रपणे म्हणालात हं."

ह्युबर्टला आठवलं. डोक्याला रुमाल बांधलेली, तपकिरी कोटातली एक म्हातारी. नुसतं उठवून तो थांबला नव्हता. हे घर कोणी बांधलं, कोणी जाळलं, व्हेनिंग घराणं कसं बुडालं हे सगळं त्यानं तिला पाऊण तास ऐकवलं होतं, आणि ती "हो का? छान," म्हणत उभ्यानं ऐकत राहिली होती. तोवरच्या त्याच्या आयुष्यात एवढं मन लावून त्याचं कोणीच ऐकलं नव्हतं. त्याला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं.

"तुम्ही तेव्हाच सांगायचंत," तो पुटपुटला.

"तुम्ही इतकं बोलला होतात. त्यानंतर 'हे घर माझं' म्हणणं बरं दिसलं नसतं. मग मी पुस्तिकेत वाचलं की या खुर्चीत एक बाई बसते. म्हटलं, तिला चालतं तर मलाही चालेल. काठीनं ते बोंड ढकलता येतं मला, पण वाकून उचलता येत नाही. तुम्हाला त्रास झाला असेल."

"छे, छे. त्रास कसला!" सात वर्षं दार वाजवून आत येणारा ह्युबर्ट म्हणाला. मग त्यानं तिला कॅमेऱ्याचं सांगितलं.

तिनं बशी हळूच खिडकीत ठेवली. "म्हणजे हा शेवटचा रविवार."

"फिलिपाला सांगू या ना. चांगली आहे ती."

"चांगली आहे, तीच तर पंचाईत. ती मीटिंग घेईल. मला परवानगीचं पत्र देईल, शिक्का मारून. सगळे मान कलती करून माझ्याकडे बघतील. आईच्या खुर्चीत मी शिक्का घेऊन बसू, मिस्टर ग्रिमशॉ? त्यापेक्षा नकोच ते."

तिचा हात खुर्चीच्या हातावर होता. तिथलं रेशीम विरलं होतं, नेमकं बोटांच्या जागी. त्याला लाज वाटत होती, आणि लेडी अ‍ॅराबेलाबद्दल वाईटही वाटत होतं. जन्मात एकच गोष्ट त्यानं अशी सांगितली होती की लोक थांबले होते. ती मोडायची तर तो पुन्हा 'पिवळी आहे' म्हणून सोडून दिलेल्या खोलीतला म्हातारा होणार होता.

मग त्यानं खिशातून बागकामाची हिरवी सुतळी काढली, बोंडाला बांधली आणि तिचा एक फास ठेवला. "काठी उलटी धरा, बाईसाहेब. मुठीचा आकडा यात घाला. हं, आता वर."

पहिल्यांदा बोंड पडलं, दुसऱ्यांदा ह्युबर्टच्या बोटाला टोचलं. तिसऱ्यांदा ते अलगद वर आलं आणि मिस व्हेनिंग हसली. नऊ वर्षांत त्यानं तिला हसताना पाहिलं नव्हतं.

अकरा वाजता, सगळी मंडळी चहाला जमल्यावर, तो उभा राहिला. "लेडी अ‍ॅराबेला नाहीये. कधी नव्हतीच. मी थाप मारली होती."

"बघा! मी म्हणतच होते!" मर्टल ओरडली. "रेखांश सांगणारं भूत कधी ऐकलंय का कोणी?"

"आणि ते बोंड?" फिलिपानं विचारलं.

"तेही मीच पाडायचो," ह्युबर्ट म्हणाला. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात चांगली थाप, आणि ती सगळ्यांनी निमूट खरी मानली. कोणाला नवलसुद्धा वाटलं नाही, हे त्याला जरा लागलंच.

फिलिपा खरोखर चांगली होती. तिनं मीटिंग घेतली, मान कलती केली, आणि ह्युबर्टला गाड्या लावायच्या मैदानावर पाठवलं. तिथे चमकणारं जाकीट घालावं लागे, आणि तेही पिवळंच होतं. भुतंवाली मंडळी कोबीच्या वाफ्यात कॅमेरा लावून बसली आणि त्यांना कोबी उकरणारा, मुंडक्यासकट एक बिज्जू सापडला. पिवळी खोलीही मर्टलकडे गेली.

महिन्याभरानं मर्टल मैदानावरच्या त्याच्या लाकडी टपरीत आली. "काय रे, त्या पिवळ्या खुर्चीच्या बोंडाला सुतळी कशाला?"

ह्युबर्ट जाकिटाची चेन उगाच वरखाली करू लागला. "कसली सुतळी?"

"कोणी बांधली ते मी विचारतच नाहीये. गाठ सुटायला आली होती, मी घट्ट केली." आणि ती मफलर गुंडाळत निघून गेली.

नाताळाआधीच्या रविवारी तो टपरीत शिरला तर त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, अगदी मधोमध, एक काटेरी बोंड. त्याला हिरव्या सुतळीचा फास. बाहेर दंवावर बुटांचे ठसे होते आणि त्यांच्या शेजारी काठीची भोकं. ती एवढं मैदान ओलांडून आली होती. हॅदरबीत असं बोंड प्रत्येक खुर्चीवर ठेवत नाहीत, जिचं मोल आहे तिच्यावरच ठेवतात. ह्युबर्टनं चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

त्या दिवशी तो साडेदहापासून चारपर्यंत उभाच राहिला. गुडघे बोंबलत होते. दुपारी गाडीतून उतरलेल्या एका माणसानं विचारलं, "काय हो, ही खुर्ची कोणाची?"

सवयीनं एक दर्यावर्दी कप्तान ह्युबर्टच्या ओठापर्यंत आला होता, जहाजासकट. त्यानं तो गिळला.

"माझी," तो म्हणाला.

"मग बसत का नाही?"

"नियम आहे," ह्युबर्ट म्हणाला आणि त्यानं हात करून गाडीला जागा दाखवली.