पायथ्याचे पाणी

कल्याणपलीकडच्या एका लहानशा गावाला पुरापासून राखणारा मातीचा बांध साठ वर्षांचा झाला होता, आणि १९५३च्या उन्हाळ्यात त्याच्या दुरुस्तीवर ओव्हरसियर म्हणून सुधीर टिपणीसची नेमणूक झाली. घुशींनी पोखरलेला भाग खणून काढायचा, थराथराने चिकणमाती भरायची, ती धुमसाने ठोकून घ्यायची, हे सारे तो डोळ्यांत तेल घालून करून घेत होता. तरीही मे अखेरीस बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपू लागले.

त्याने ठाण्याच्या कार्यालयाला तीन अहवाल पाठवले. तिथले वरिष्ठ इंजिनियर प्रधानसाहेब पाहणीला दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा सुधीर सामान आणायला कल्याणला गेलेला. उत्तर आले : 'जागा कोरडी आढळली. ओव्हरसियरने घबराट पसरवू नये.'

कागद हातात घेऊन तो पायथ्याशी गेला. तिथे घोटाभर पाणी होते. साहेब येणार म्हणून कुणीतरी पाझर बुजवत असणार, या संशयाने त्याचे डोके भणाणले. मजुरांच्या टोळीची मुकादमीण हौसाबाई, तिला त्याने सगळ्यांसमोर फैलावर घेतले.

ती शांतपणे म्हणाली, "आमी कशाला बुजवू, साहेब? तुमी नसला की कोरडंच असतंय."

"आणि मी असलो की?"

"मग येतंय. तुमी रागावला की जास्ती येतंय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "चार दिस घरी जावा. खाली गावात लेकरं हायेत."

या अडाणीपणाचा त्याला इतका संताप आला, की मिळेल त्या गाडीने तो ठाण्याला आला आणि थेट प्रधानसाहेबांच्या खोलीत शिरला. न पाहता शेरे मारणारे अधिकारी, फायलींखाली दडपलेले अहवाल, उद्या वाहून जाणारी घरे, सारे तो टेबलावर मूठ आपटत बोलत राहिला. साहेबांनी त्याला अडवले नाही. त्यांची नजर जमिनीवर होती.

"टिपणीस," ते अखेर म्हणाले, "जरा खाली बघा."

फरशीच्या सांध्यांतून पाणी येत होते, फक्त त्याच्या बुटांभोवती. साहेबांनी वाकून ते बोटांवर घेतले, चोळून पाहिले. पाझर निवळ असेल तर बांधाला धोका कमी. त्यातून माती येऊ लागली, की बांध आतून पोकळ होतो आहे असे समजायचे, हे दोघांनाही ठाऊक होते.

"माती आहे," साहेब म्हणाले.

सुधीरने डोळे मिटून राग गिळायचा प्रयत्न केला. मोजे ओले होत चालल्याचे त्याला कळत होते.