दहा राज्यांचे झेंडे

अब्रारनं झेंड्याच्या खालच्या कोपऱ्यात सवयीनं ‘अब्रार आर्ट्स, वणी’ असं लिहिलं, त्याखाली फोन नंबर टाकला, अक्षरांना लाल सावली दिली आणि मागं सरून बघू लागला. चहा घेऊन आलेली गझाला दारातच थांबली. तिनं एकदा झेंड्यावरच्या हत्तीकडं पाहिलं, एकदा फोन नंबरकडं, आणि कपबशी खाली ठेवून, ओढणी तोंडाशी धरून हसायला लागली. हसू आवरेना तशी भिंतीला टेकून खालीच बसली.

अब्रारला काही कळेना. मग तिच्या नजरेच्या रोखानं त्यानंही कोपऱ्यात पाहिलं.

“लढाई हरला त राजानं ह्या नंबरवर फोन लावाचा काय?” गझाला म्हणाली.

तोही हसला, पण जरा उशिरानं. लग्नाला सहा महिने होत आले होते आणि बायकोचं हसणं त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याला इतकं बरं वाटलं की नंबर पुसायचं भानच राहिलं नाही.

तसा दोष कुणाचाच नव्हता. नेरच्या अब्दुल गनींनी मुलगी दिली तेव्हा अब्रार पेंटरचं नाव जोरात होतं. वणी ते मुकुटबन, रस्त्यावरच्या गावागावांत भिंतींवर कपाशीच्या नव्या बियाण्याच्या जाहिराती होत्या, त्या सगळ्या त्याच्या हातच्या. टपोरी बोंडं, हसरा शेतकरी, खाली भरघोस पिकाची हमी. पीक काही हमीप्रमाणं आलं नाही, भिंतींवरचे शेतकरी मात्र हसतच राहिले. लग्नाच्याच साली कापूस असा बसला की जाहिरातवाल्यांनी हात आखडता घेतला. उरलंसुरलं काम गावात नव्यानं आलेल्या फ्लेक्सच्या मशीननं नेलं. अब्रारला आठवडा लागायचा ते काम मशीन सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत करून मोकळं व्हायचं. तो आपला दुकानात बसून धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत राहायचा.

घरात गझालाला कुणी टाकून बोललं नव्हतं, खाण्यापिण्याला कमी पडलं नव्हतं. पण नेरहून ती पाहुणी यावी तशी आली आणि तशीच राहिली. पेटी तिनं कधी पुरती रिकामी केलीच नाही. लागतील तेवढे कपडे काढायचे आणि पुन्हा कडी लावायची. अब्रारच्या आईनं, जुबैदानं, ते पाहिलं होतं. बोलली नव्हती एवढंच.

अशात नेरहून निरोप आला होता. ईद झाली की धाकट्या इमरानला पाठवतो, पोरीला दोन महिने आरामाला पाठवा. जावयाचा धंदा बसल्याची खबर नेरला पोचली होती. नव्या नवरीला एवढा कसला आराम लागतो, हे घरातली तिन्ही माणसं समजून होती. गझालानं नुसती मान हलवली. ही गेली की परत यायची नाही, या धास्तीनं अब्रारला घास गोड लागेना. आणि राहा म्हणावं तर कुठल्या तोंडानं म्हणावं, तेही समजेना.

तेवढ्यात घनश्याम सर काम घेऊन आले. त्यांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं विदर्भातल्या दहा जुन्या राज्यांचे झेंडे मिरवणार होती. झेंडे मांजरपाटाचेच पाहिजेत, फ्लेक्स नको, हा सरांचा हट्ट. इतिहास सापडला तर इतिहास घ्या, नाही सापडला तर मनानं राज्य उभं करा, असं त्यांनी सांगितलं. दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि म्हणाले, तेवढं रंगांचं सांभाळा, उगाच कुणाच्या डोक्यात काही यायला नको.

त्या रंगांनीच अब्रारला जेरीस आणलं. भगवा कुणाचा, निळा कुणाचा, पिवळा कुणाचा, हे वणीतलं शेंबडं पोरही सांगेल. पांढरा तांड्यावरच्या बंजाऱ्यांचा. हिरवा तर अब्रारच्या हातानं लागला की संपलंच. बिचाऱ्या राजांना यायला उशीर झाला होता, त्यांच्या आधीच सगळे रंग वाटले गेले होते.

फोन नंबर लिहिला त्या दिवसापासून मात्र गझाला स्वयंपाक आटोपला की दुकानात येऊन बसू लागली. ती बी.ए.ला इतिहास शिकत होती. मधेच लग्न ठरलं आणि पुस्तकं नेरलाच राहिली. घरातलं सगळं बोलणं हिंदी-उर्दूत चालायचं. पण इतिहास ती मराठीत शिकली होती, म्हणून झेंड्यांचं बोलणं आपोआप मराठीत व्हायचं. बघता बघता ती त्या दोघांचीच भाषा होऊन बसली.

चांद्याच्या गोंड राजांचा हत्तीवर चढलेला सिंह, गाविलगडच्या दरवाजावरचा दोन तोंडांचा पक्षी, नागपूरकर भोसल्यांचा भगवा. एवढ्यावर इतिहास संपला. मग गझाला स्वतःच राज्यं उभी करायला लागली. वर्धा नदीच्या उतारावर एक नावाडीण राज्य करायची. दोन्ही काठ तिचे, म्हणून तिच्या झेंड्याला उलटी-सुलटी बाजूच नाही. झरीच्या जंगलात एका राजाला वाघानं जीवदान दिलं, म्हणून त्याच्या झेंड्यावर वाघ नाही, नुसतं उंच गवत आहे. गवताला शत्रू कशाला भिईल, असं अब्रारनं विचारलं. जंगलात गवत हाललं की तुम्ही नाही भीत का, असं तिनं उलट विचारलं. तो गवत रंगवत बसला, आणि रंगवता रंगवता गुणगुणायला लागला, तेव्हा आतून जुबैदा बाहेर डोकावून गेली.

कापसाच्या राज्याची पाळी आली तशी अब्रारच्या हातानं न सांगता बोंड काढायला घेतलं. गझालानं त्याचं मनगट धरलं.

“बोंड नोका काढू. भिंतीवर लय झाले.”

“मंग?”

“फूल काढा. सकाळी पिवळसर उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. त्या दोन्हीच्या मधातला रंग घ्या. तो अजून कोणी नेला नाही.”

तो रंग जमवता जमवता दुपार गेली. कधी जास्त पिवळा व्हायचा, कधी सरबतासारखा गुलाबी. जमला तेव्हा दोघंही त्या कापडाकडं बघत राहिले. अब्रारला वाटलं, आत्ता म्हणावं हिला, जाऊ नको. पण ती बोटाला लागलेला रंग पुसत होती, आणि त्याच्यानं बोलवलं नाही.

दहाव्या झेंड्याचं कापड धुऊन अंगणात वाळत घातलं, तर कोळशाच्या ट्रकांची भुकटी उडून त्यावर काळे ठिपके पडले. अब्रार ते फेकायला निघाला होता. गझालानं अडवलं. म्हणाली, हे जमिनीखालचं राज्य, खाणीतल्या माणसांना आभाळ दिसत नाही म्हणून त्यांनी चांदण्या काळ्या काढल्या. या खेपेला ब्रशही तिनंच घेतला आणि एकेका ठिपक्याची चांदणी केली. काही वाकड्या झाल्या, अब्रारनं त्यांना हात लावला नाही. झेंडा वाळला, घडी झाली, घनश्याम सर येऊन दहाच्या दहा घेऊनही गेले.

ईदनंतर इमरान आला. गझालाला सामान बांधायला काहीच वेळ लागला नाही. जुबैदानं डब्यात शीरखुर्मा भरून दिला, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसायला आत गेली.

बसस्टँडवर यवतमाळची गाडी लागली तशी इमराननं धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला, जागा धरली आणि पेटी न्यायला परत आला. पेटी खाली ठेवलेली होती. गझाला तिच्यावर बसली होती. अब्रार शेजारी उभा होता. वाटभर त्यानं मनात चार वाक्यं जुळवली होती, आणि तब्येत सांभाळ, एवढंच तोंडातून निघालं होतं. त्याची त्यालाच लाज वाटत होती.

चलो आपा, इमरान म्हणाला, गाडी छूट जाएगी.

गझाला उठली नाही. जमिनीकडं बघत ती म्हणाली, “तू जाय. अब्बाले सांगजो, अजून दोन राज्यं बाकी हायेत.”

इमरान बघतच राहिला. बहीण त्याच्याशी आजवर मराठीत बोलली नव्हती. कसली राज्यं, हेही त्याला कळेना. अब्रार पडला साधा माणूस.

“दहाच्या दहा त झाले ना आपले...” तो सांगायला लागला, आणि गझालानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

“बाकी हायेत,” तो इमरानला म्हणाला. “मोठी हायेत दोन्ही. टाइम लागन.”

कंडक्टरनं घंटी मारली. इमरान चिडून, हात उडवत एकटाच गाडीत चढला, आणि गाडी वळणाआड होईपर्यंत गझाला पेटीवरून उठली नाही.