काच वाहणाऱ्या पिकअपची अठरा मिनिटे

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली पांढरी पिकअप दिसते ना, ती मी. पांढरी म्हणायचे ते सवयीने. रंग केव्हाच उडाला. माझे बॉनेट उघडे आहे. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला मिस्त्री 'हेड' म्हणतात, तो काढून शेजारी पत्र्यावर ठेवला आहे. मी दमले आहे. तरी बोलते, कारण एक गोष्ट माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. बाहेर पडताना एका कामगाराने बॉनेटवर थाप मारून म्हटले होते, "जा बाई, नीट नांद." मी नांदले ते एका काचवाल्याच्या घरी. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, कपाटांचे आरसे हे माझे ओझे. मालकांनी माझ्या हौद्यात तंबूच्या आकाराची लाकडी घोडी बसवली आणि तिला जुनी घोंगडी गुंडाळली. काचा तिला रेलून उभ्या राहत. आम्ही इतके हळू जात असू की मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार होत. मालक खिडकीतून हात काढून म्हणत, "जा बाबा, हो पुढे. तुझ्या पाठीवर काच नाही ना?"

माझ्या चुकीने एकही काच फुटली नाही. "आमची पिकअप आरसा डोक्यावर घेऊन चालते," असे मालक लोकांना सांगत, तेव्हा मला बरे वाटे. पण सतत ओझे आणि सतत खालचा गिअर इंजिनाला मानवत नाही. त्याला कधी मोकळा दम घेता येत नाही आणि आत काजळी धरते.

मालकांची लेक माझ्यावरच गाडी शिकली. पहिल्या दिवशी तिने स्टिअरिंगला हात घातला, तर मालक म्हणाले, "रस्ता नंतर. आधी हे काटे बघ. हा तापमानाचा. हा लाल झाला की जग बुडालं तरी गाडी बाजूला घ्यायची. काय?"

"बाजूला घ्यायची," ती म्हणाली.

पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. सुट्टीला आली की मला एक फेरी मारून आणी.

वय झाले तशी माझी दुखणी सुरू झाली. थंडीत सकाळी मी लवकर सुरू होईना, कारण डिझेल पेटायला आतली हवा आधी गरम करणारे प्लग गेले होते. मग काळा धूर येऊ लागला. हवेच्या जाळीत धूळ बसली होती. पुरेशी हवा न मिळाल्याने डिझेल अर्धवट जळत होते. मालक ती जाळी पायरीवर उशीसारखी झोडपून पुन्हा बसवत. एकदा निळा धूर आला, तेव्हा मिस्त्रींनी लांब पेचकसाचे टोक इंजिनाला लावले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "काचवाले, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. ही ऑइल पितेय." मालकांनी दुसऱ्याच दिवशी काम काढले. तेव्हा ते असे होते. माझे दुखणे उद्यावर टाकत नसत.

मग मालकांचेही वय झाले. गुडघे दुखू लागले, कामे कमी झाली. जाळी झोडपायला पायरीपर्यंत जाणे जिवावर येई. "पुढच्या आठवड्यात बघू," हे शब्द मी तेव्हापासून ऐकू लागले.

रेडिएटरमधून इंजिनाकडे पाणी नेणारा माझा रबरी पाइप कडेला तडकला होता. मालकांनी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. थेंब थेंब पाणी गळतच राहिले. रोज सकाळी मालक नळाचे जड पाणी तांब्याने ओतत. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तसा माझ्या रेडिएटरच्या नळ्यांना धरला. निम्म्या नळ्या बुजल्या.

"काचवाले, हा पाइप बदला," मिस्त्री म्हणाले. "आणि नळाचं पाणी बंद करा. कूलंट घाला."

"बदलू की. पाइप काय पळून चाललाय?"

"पाइप नाही पळत हो. पाणी पळतं."

मालक हसले. असे तीनदा झाले.

मग तो रविवार आला. लेक सुट्टीला आली होती, तिची आई मावशीकडे गेली होती. दुपारी जेवण झाल्यावर मालक छाती चोळत म्हणाले, "पित्त झालंय." पण घाम थांबेना. लेकीने रुग्णवाहिकेला फोन केला. पाऊण तास लागेल असे उत्तर आले. तिने माझी किल्ली घेतली. मालक स्वतः चालत आले आणि लेकीला शिकवल्यानंतर पहिल्यांदाच बाजूच्या सीटवर बसले.

दवाखाना अकरा किलोमीटरवर होता. तिने मला कधी नव्हे ते पळवले. सात किलोमीटर मी पळाले. मग चढ लागला, पाइपवरची पट्टी सरकली आणि पाणी भळाभळा गेले. माझा काटा लाल झाला.

"काटा बघ," मालक म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"असू दे बाबा. चारच किलोमीटर राहिलेत."

"असू दे काय? हेड जाईल. घे बाजूला."

"बाबा, प्लीज..."

"बाजूला घे म्हणतो ना!"

तिने मला बाजूला घेतले.

मी वाफ सोडत उभी राहिले. तिने बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागली, तशी मालकांनी खिडकीतून हाक मारली, "थांब! घाईत उघडलंस तर दवाखान्यात दोन खाटा लागतील." त्यांनी सांगितले तसे ती करत गेली. आधी थांबली, मग फडके ठेवून झाकण सैल केले, वाफ जाऊ दिली, पट्टी पुन्हा आवळली, सीटमागच्या कॅनमधले पाणी ओतले. मधेच एकदा मालक म्हणाले, "शाब्बास." मग त्यांनी मान मागे टेकली.

आम्ही पोचलो. तिसऱ्या दिवशी मालक गेले.

माझे सांगायचे तर, दवाखान्यातून परत येताना मी पांढरा धूर सोडला आणि बंद पडले. हेडखालचे, पाणी अडवणारे गॅस्केट फाटले होते. पाणी इंजिनात शिरले होते आणि ऑइल दुधाळ झाले होते. थांबवूनही मी काही वाचले नव्हतेच. मला ओढून इथे आणले.

दोन आठवड्यांनी लेक गॅरेजमध्ये आली. मिस्त्रींनी स्टूल पुढे केले. ती बसली नाही.

"काका, एक विचारते. खरं सांगायचं."

"विचार ना, बाळ."

"डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. मी वाटेत थांबले होते. थांबल्यावर आईला फोन केला आणि निघताना परत केला. मधे अठरा मिनिटं गेलीत. थांबले नसते, तर गाडी पोचली असती का?"

मिस्त्रींनी हेड पुसले, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून येणारा उजेड पाहिला. हेड वाकले होते. एवढे दाखवून 'नसती पोचली' म्हणणे त्यांना सोपे होते. मित्रांनो, मला वाटत होते त्यांनी तसेच म्हणावे.

"पोचली असती," ते म्हणाले. "दवाखान्याच्या दारात जाम झाली असती. इंजिन भंगारात गेलं असतं. पण चार किलोमीटर तिनं काढले असते."

मिस्त्री हात पुसत राहिले.

"आता माझंही ऐक. थांब कोण म्हणालं?"

"बाबा."

"आणि हा पाइप? मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी किल्ली काढून घ्यायला हवी होती. घेतली नाही. या गाडीबद्दल तो माणूस काही बोलला की आपण ऐकायचो. तू लहानपणापासून, मी वीस वर्षं. त्या अठरा मिनिटांत ते वाचले असते की नाही, ते मला सांगता येणार नाही. मला इंजिनातलं कळतं."

तिने तो तडकलेला पाइप उचलला. ट्यूबची गाठ घट्ट बसली होती. ती थोडा वेळ गाठीशी झगडली, पण गाठ सुटेना.

"किती हट्टी माणूस हो, काका!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. "छातीत कळ येतेय, आणि काळजी कशाची, तर हेडची!"

"हट्टी? महाहट्टी!" मिस्त्री म्हणाले. "एकदा माझ्याच गॅरेजमध्ये मला पाना कसा धरायचा ते शिकवत होते."

ती हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि मग ती स्टुलावर बसून रडली. मिस्त्री पाठ फिरवून आधीच मोजलेले नट पुन्हा मोजत राहिले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सुरू करा हिला. पाइप, रेडिएटर, सगळं नवं घाला. विकायची की ठेवायची, ते आईशी बोलून ठरवते."

मला कुठे जायची घाई नाही. विकले तरी चालेल, ठेवले तरी चालेल. फक्त तुमच्याशी एवढे बोलायचे होते. मित्रांनो, आमची काळजी रोजच्या साध्या दिवशी घ्या. गळणारा पाइप त्याच आठवड्यात बदला, जाळी झोडपत बसू नका, नवी घाला. घरातले मोठे माणूस 'पुढच्या आठवड्यात' म्हणाले, तर त्याच्याशी भांडा. गाडीसाठी भांडा, आणि त्याच्या छातीतल्या कळेसाठी तर आधी भांडा. आणि एवढे करूनही कधी काटा लाल झाला, शेजारी कुणी छाती धरून बसलेले असले आणि ते स्वतःच थांब म्हणाले, तर त्यांचे ऐकू नका. मी लोखंडाची आहे. मला जळू द्या.