तुळतुळीत चाकं

"वहिनी, दादाने पाना हातात घेतला की घरातल्या बाकीच्यांचे हात बांधून ठेव," असं माझी नणंद लग्नातच म्हणाली होती. "आमच्याकडे एकट्याने काम करायची रीत नाही. एकजण खिळा ठोकतो आणि तिघं भिंत सरळ करायला धावतात." मी हसून सोडून दिलं. नणंदांचं बोलणं मनावर घेतलं असतं, तर जगात कुणाचीच लग्नं टिकली नसती.

यंदा नवऱ्याने त्याची माउंटन बाईक बाहेर काढली. सायकल कॉलेजातली. तिच्यावरून तो म्हणे डोंगर उतरायचा. त्यानंतर तिने आमच्या गॅलरीत मोजे वाळवायचं काम केलं, आणि ते इमानेइतबारे केलं. पण समोरच्या इमारतीतला एक बाप पोराला सायकलवर बसवून बालवाडीत नेताना ह्याला दिसला आणि ह्याचा डोंगर जागा झाला. आमची भिंगरी दोन वर्षांची. मागे तिची खुर्ची बसवायची आणि रोज तिला उतारावरून बालवाडीत सोडायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं.

हा उतार आमच्या फाटकाशी सुरू होतो आणि मोठ्या रस्त्यावर, थेट ट्रकांच्या तोंडाशी संपतो. भिंगरीच्या तोंडातून मी आजवर बटण, मेणखडू आणि एकदा जिवंत मुंगळा काढलेला आहे. उताराची मजा मला कुणी सांगू नये.

"ब्रेक धरतील ना?" मी विचारलं.

"नवे गुटके टाकतोय. ब्रेक दाबला की हे रबर चाकाच्या कडेला दोन्हीकडून चिमटा काढतं. चाक जागच्या जागी गप्प."

"आणि नाही धरलं तर?"

"तर तू आहेसच की ओरडायला."

मग आमचा दिवाणखाना गेला. सोफ्यावर पुढचं चाक, टेबलावर मागचं, आणि चेन रॉकेलच्या डब्यात लोणच्यासारखी मुरत पडलेली. सीटचा दांडा गंजून असा बसला होता, की त्याला काढण्यासाठी नवऱ्याने सायकल पायांत धरून जी काही आसनं केली ती शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिली. शेजारीण अजून माझ्याशी बोलताना खाली बघते.

सासूबाई खुर्चीवर बसून हे सगळं पाहायच्या. भिंगरी जन्मली तेव्हापासून तिच्या अंगाला तेल लावायचं खातं त्यांचं. त्यात ढवळाढवळ करायची माझी प्राज्ञा नव्हती. पण हल्ली तेलाची वाटी दिसली की भिंगरी पलंगाखाली शिरायची आणि आतून "आजी नको" असा निकाल द्यायची. सासूबाई वाटी घेऊन थोडा वेळ थांबायच्या, मग परत ठेवायच्या. मला ते दिसत होतं. पण माझे दोन्ही डोळे सायकलवर होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ब्रेक मी स्वतः तपासले. नवरा हसला, तरी दोन्ही दाबून सायकल पुढे ढकलली. ढिम्म हलली नाही. मग मी कबूल झाले. अट एकच, पहिल्या दिवशी आधी आवारात फेऱ्या मारायच्या आणि मगच उतार. तो "हो हो" म्हणाला. आमच्या घरात "हो हो"चा अर्थ "बघू" असा आहे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

सकाळी दोघं बाहेर पडले. भिंगरी खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेली, डोक्यावर शिरस्त्राण. लढाईला निघालेला बटाटाच. मी डबे घासायला घेतले, कारण हातात काही नसलं की मला ट्रक दिसतात.

सासूबाई चहा घेऊन आल्या. आज चेहरा खुलला होता. "सायकल कशी दिसत होती, सांग."

"छान होती की."

"चाकं पाहिलीस? काल तुम्ही जेवण आवरत होतात तेव्हा बसले. कडा अगदी कोरड्या ठणठणीत पडलेल्या गं. वाटीत तेल उरलंच होतं. दोन्ही चाकं चांगली जिरेपर्यंत चोळली. आता कशी तुळतुळीत झालीत."

माझ्या हातातला डबा सिंकमध्ये पडला.

मी चपलाही घातल्या नाहीत. जिन्यात मला रखवालदार काहीतरी विचारत होता, त्याला मी काय उत्तर दिलं देव जाणे. आवार रिकामं. फाटकाबाहेर, उताराच्या अगदी तोंडाशी, नवरा एक पाय रस्त्यावर टेकून वाकला होता आणि भिंगरीचा बूट उचलत होता. ती बूट फेकत होती, तो घालत होता. ह्या खेळापायी ते अजून निघालेच नव्हते.

"उतर," मी म्हणाले.

"अगं, आवारात फेऱ्या झाल्या की. एक झाली."

"ब्रेक दाब आणि ढकल."

त्याने मला खूश करायला म्हणून दोन्ही ब्रेक करकचून दाबले आणि सायकल ढकलली. चाक आपलं निघालं, हवा खायला निघालेल्या पेन्शनरासारखं, कुणाचंही न ऐकता. नवऱ्याने आधी ब्रेककडे पाहिलं, मग खाली मोठ्या रस्त्याकडे. एक टँकर हॉर्न देत गेला. त्याने भिंगरीचे पट्टे सोडले आणि तिला माझ्याकडे दिलं. तिने दुसरा बूट फेकला.

वर आल्यावर त्याने चाकं भांड्यांच्या साबणाने धुतली आणि गुटके काचकागदाने घासले. सासूबाईंना काय सांगायचं ह्यावर आमचं कुजबुजत भांडण झालं. पण सांगावं लागलं नाही. न्हाणीघराच्या दारातून त्यांनी साबणाचा फेस पाहिला, आपल्या हातांकडे पाहिलं आणि खोलीत गेल्या.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. चार शब्द सुनवायचेच म्हणून मागोमाग गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे.

"भिंगरी तेल लावू देत नाही," त्या म्हणाल्या. "पाय झाडते. मी म्हटलं, हिच्या गाडीला तरी."

मी तयार केलेले चारही शब्द विसरले. वाटी उचलून त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. "माझ्या डोक्याला लावा. मी पळणार नाही."

"तुझ्या केसांचं काय राहिलंय म्हणा," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि गंजलेल्या सीटच्या दांड्याला नवऱ्याने लावला नसेल तेवढा जोर माझ्या टाळूवर लावला. मध्येच त्यांनी नाक ओढलं. मी मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हा एक काम करा. हे खाली ठेवा आणि तुमच्या घरातलं ते माणूस बघून या, जे हल्ली फार गुपचूप असतं आणि ज्याला कुणी काही करायला सांगत नाही. काय करतंय ते नुसतं दारातून पाहू नका. आत जाऊन जवळ बसा.