दोराच्या शेवटाची बाई

रस्सीखेचीत पुढची बाई चपळ लागते, मधल्या बायांना दम लागतो, आणि शेवटाला लागते ती म्हैस. हे सुग्राबीचं म्हणणं, आणि लीलाबाईला तिनं ते तोंडावर ऐकवलं होतं. लीलाबाईला राग आला नाही. नवऱ्याच्या माघारी बैलांच्या बरोबरीनं राबून तिचं अंग असं काही भरलं होतं, की पिंपळदरीत तिच्याएवढी बाई दुसरी नव्हती. बचत गटाची टीम निघाली तेव्हा शेवटाला कोण उभं राहणार, हा प्रश्नच निघाला नाही.

शेवटाचं काम सोपं दिसतं, पण नसतं. दोर बगलेतून घ्यायचा, पाठीवरून तिरपा दुसऱ्या खांद्यावर आणायचा, टाचा मातीत रोवायच्या आणि मागे रेलायचं. गाठ मारायची नाही. कमरेला गाठ मारलेली बाई पडली तर दोरासोबत फरफटत जाते आणि कंबरडं मोडून घेते. आणि शिट्टी झाल्याशिवाय दोर सोडायचा नाही, मग आभाळ का कोसळेना. हे दोन नियम सुग्राबीनं एवढ्यांदा घोकून घेतले होते, की बाया झोपेतही बडबडल्या असत्या.

आणि मारेगावला, तालुक्याच्या शेवटच्या सामन्यात, लीलाबाईनं दोर सोडला.

समोरच्या बाया हातभर आत आल्या होत्या. आणखी एक हैशा, की ढाल पिंपळदरीची. तेवढ्यात गर्दीतून पिंटू झिंगत पुढे आला. पिंटू म्हणजे लीलाबाईचा एकुलता एक, बावीस वर्षांचा घोडा, कामाचा ना धामाचा. दोराजवळ येऊन तो धाडकन पडला, डोळे फिरवले, तोंडातून फेस काढला. लीलाबाईच्या हातून दोर कधी सुटला हे तिचं तिलाही कळलं नाही. ती पोराकडे धावली आणि मागचा भार जाताच बाकीच्या बाया तोंडावर आपटल्या. समोरच्यांनी त्यांना तशाच मुरमावरून ओढत नेलं. सुग्राबीचं मनगट मोडलं. खुशीचे समोरचे दोन दात गेले. इकडे लीलाबाई पदरानं पोराचा फेस पुसत बसली होती. फेसाला साबणाचा वास येत होता, पण आईच्या जिवाला अशा वेळी वास कुठला कळायला?

गावात आल्यावर बायांनी तिला शब्दानं दुखवलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. खुशी तर बिचारी दातांपुढे पदर धरून तिच्याशी बोलायची, आणि लीलाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

ही खुशी म्हणजे शामची बायको, लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. शाम प्यायचा पंजाबरावाच्या अड्ड्यावर. नाल्याकाठी कुडाच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं, घातलेलं खोपट, तिथं पंजाबरावाची हातभट्टी. टीमच्या याच बायांनी तक्रारी करून करून चपला झिजवल्या, आणि पंजाबराव त्यांच्यावर डूख धरून होता. पोलीस यायचे, मडकी फोडायचे आणि जायचे. दुसऱ्या दिवशी नवी मडकी. एका सकाळी शाम उठला तर त्याला दिसेना. संध्याकाळी तो गेला. त्या रात्री त्याचा ग्लास भरणारा हात कोणाचा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मारेगावच्या सामन्यापासून पिंटू पंजाबरावाकडे कामाला लागला होता.

लीलाबाईनं त्याला विचारलं. तो म्हणाला, "म्या काय तोंड उघडून पाजली त्याले? त्यानं मांगतली, म्या देल्ली." तिनं हातातली उलथणी त्याच्या डोक्यात घातली. त्यानं तिला चुलीवर ढकललं. त्या दिवसापासून माय-लेक एका घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते.

शामच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी खुशी सुग्राबीच्या दारात जाऊन उभी राहिली. सुग्राबीचा नवरा अब्दुल गनी बैलांच्या बंड्या दुरुस्त करायचा, त्याच्याच शेडात टीमचा दोर टांगलेला असे.

"चाची, दोर काढा," खुशी म्हणाली.

सुग्राबी सगळ्या बायांकडे फिरली आणि शेवटी लीलाबाईच्या अंगणात आली.

"लीला, तू येऊ नोको. तुहा पोरगा तथी असते."

"मंग शेवटाले कोण उभी राहीन?"

सुग्राबीनं उद्या दुपारची वेळ सांगितली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाया दोर खांद्यावर टाकून नाल्याकडे निघाल्या. पानठेल्यावरच्या माणसांना वाटलं, आणखी कुठं सामना आहे. एकजण म्हणाला, "लीलाबाईले बांधून न्या वो, नाहीतं पुन्हा सोडीन." माणसं हसली. लीलाबाईनं मान वर केली नाही. पण नाल्याच्या उतारावर सगळ्यांच्या मागे राहून तिनं दोराचा शेपटा कमरेभोवती घेतला आणि पदराखाली गच्च गाठ मारली. तिचा स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नव्हता.

त्या खोपटाचा सगळा भार मधल्या मेढीवर, म्हणजे एका सागाच्या खांबावर होता. वर्षभर या बायांनी शाळेतल्या कडुनिंबाला दोर बांधून सराव केला होता. कडुनिंब कधी हलला नाही, पण मेढ म्हणजे काही जितं झाड नव्हे. खुशी दोराचं टोक घेऊन आत शिरली. अपेक्षा नावाची थोराड पोरगी तिच्यामागे गेली आणि आत पडलेल्या दोघा बेवड्यांना कॉलर धरून बाहेर फेकून आली. पिंटू मडक्यापाशी उभा होता. खुशीनं त्याच्या डोळ्यांदेखत मेढीला दोर बांधला, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि येऊन सुग्राबीच्या मागची आपली जागा धरली. तेव्हा कुठं पिंटूच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो बोंबलत पंजाबरावाला बोलवायला पळाला.

"हैशा," सुग्राबीनं हाळी दिली.

दोर ताणला गेला. पहिल्या हिसक्याला कवेलूंची एक रांग घसरून फुटली. दुसऱ्याला मेढ करकरली. तिसऱ्याच्या आत पंजाबराव आपल्या दोन माणसांना घेऊन मोटारसायकलवर हजर झाला, मागून पिंटू धापा टाकत आला.

गाडी थांबायच्या आत त्याची लाथ सुग्राबीच्या पोटात बसली. ती वाकली, पण तिनं दोर सोडला नाही. एका माणसानं खुशीचे केस हाताला गुंडाळले आणि तिचं डोकं मागे ओढलं. दुसरा पट्टा काढून अपेक्षाच्या पाठीवर सुटला. पट्ट्याचं बक्कल तिच्या मानेत घुसलं आणि पोलकं रक्तानं लाल झालं. मार चुकवायला हात मोकळा करावा तर दोर जातो, आणि दोर गेला की सगळ्या जणी पडतात. मारेगावपासून हे त्यांना चांगलं कळलं होतं. म्हणून त्या मार खात राहिल्या. शेवटाला लीलाबाई दात आवळून मागे रेलली होती, आणि पुढच्या बायांच्या पाठीवर पडणारा प्रत्येक फटका दोरातून तिच्या हाताला कळत होता.

पंजाबराव काही मूर्ख नव्हता. तो दोराच्या कडेकडेनं चालत शेवटापर्यंत आला, लीलाबाईकडे पाहिलं आणि हसला.

"अबे पिंट्या, तुही मायच हाय न शेवटाले. मंग कायले घाबरतं? पड बे, मारेगावले पडलता तसा. तवा दोन बाटल्या देल्ल्या होत्या, आज चार देतो."

लीलाबाईच्या नाकात एकदम साबणाचा वास आला.

तिनं पोराकडे पाहिलं. पिंटूनं नजर चोरली. सुग्राबीचं मनगट, खुशीचे दात, गावाचं हसणं आणि रात्र-रात्र उशीत तोंड खुपसून काढलेलं रडणं, सगळं दोन बाटल्यांचं होतं तर. तिला संताप आला, असा की डोळ्यांपुढे दुसरं काही दिसेना.

"पड न," ती म्हणाली. "पड, पाह्यतो मी आता."

तिघी-चौघी बायांनी मान वळवून पाहिलं. पिंटूचा चेहरा उतरला. लाज वाटली की माणूस एकतर पाय धरतो, नाहीतर हात उचलतो. पंजाबरावानं तिथं पडलेली बंडीची उभारी, जाडजूड काठीच ती, त्याच्या हातात कोंबली आणि पाठीत गुद्दा घातला. पिंटूनं हात उचलला.

पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला. दुसरा बोटांवर, आणि बोटांतलं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. "सोड माय, सोड," तो ओरडत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडता रडता त्यानं तिसरा फटका कमरेत हाणला. त्या फटक्यानं पदराखालची गाठ निसटली. कमरेचा आवळ सुटलेला लीलाबाईला स्पष्ट कळला. आता तिला धरून ठेवणारं काही नव्हतं. तिनं मोडक्या बोटांनी दोर आणखी घट्ट आवळला आणि टाचा रोवल्या.

"हैशा," पुढून सुग्राबीचा घोगरा आवाज आला.

मेढ बुडापासून हलली. वरचं लाकूड कललं. पंजाबरावाच्या तोंडचं पाणी पळालं. पिंटूनं उभारी फेकली आणि तो सरळ खोपटात घुसला. कोणाला काही कळायच्या आत त्यानं मेढीला मिठी मारली.

"आता ओढ," तो आतून ओरडला. "ओढ न, पाह्यतो मी."

सुग्राबीला तो समोर दिसत होता. तिनं दोर सोडला, गळ्यातली सरावाची शिट्टी तोंडात धरली आणि जीव तोडून फुंकली. शिट्टी झाली म्हणजे खेळ संपला. बायांचे हात आपोआप ढिले पडले. पंजाबरावाच्या माणसांनीही हात थांबवले.

आत पिंटूनं डोळे पुसले आणि तो हसला. त्याला माहीत होतं, माय शेवटी त्याचीच आहे.

ते हसू लीलाबाईला दाराच्या चौकटीतून दिसलं. असंच तो लहानपणी हसायचा, खोडी काढून तिच्या कुशीत घुसायचा तेव्हा, आणि तिनं दर वेळी पदर घातला होता. शाळा बुडवली तेव्हा, बैल विकून आला तेव्हा, शामच्या मरणानंतरही तिनं त्याला भाकर वाढली होती.

"हैशा," लीलाबाई म्हणाली.

तिचा आवाज फार मोठा नव्हता. पण खुशीनं तो ऐकला. खुशीनं दोर सोडलाच नव्हता. अपेक्षानं एकदा सुग्राबीकडे आणि एकदा मागे पाहिलं, आणि दोर पुन्हा धरला. मग बाकीच्यांनीही धरला. सुग्राबी हातवारे करत शिट्टी फुंकत होती, "अरे पोरगा हाय आत, रुको," म्हणत होती, आणि तिच्या शिट्टीवर लीलाबाईची हाळी चढत गेली. एकदा, पुन्हा एकदा.

मेढ बुडाशी मोडली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. बाया मागच्या मागे उताण्या पडल्या. आडवं लाकूड, त्यावरचे वासे आणि सगळे कवेलू एकदम खाली आले. भट्टीवरचं मडकं फुटलं, दारू चुलीत सांडली आणि कुडाच्या भिंतीनं पेट घेतला. ओघळत आलेल्या जाळानं पंजाबरावाचं धोतर धरलं. तो किंचाळत नाल्यात लोळला. त्याच्या माणसांनी गाडी काढली ती मागे वळून न पाहता.

धुरातून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग "माय" अशी हाक आली.

लीलाबाई आत घुसली. तिनं पेटते वासे हातांनी उपसले, मोडक्या बोटांनी, केस जळेपर्यंत. पिंटूचा उजवा पाय आडव्या लाकडाखाली होता, गुडघ्यापासून चेंदामेंदा झालेला. लाकूड एकटीनं हलेना. तेव्हा खुशीनं तोच दोर लाकडाला अडकवला, बायांनी पुन्हा ओढलं, आणि लीलाबाईनं बगलेत हात घालून पोराला बाहेर काढलं. या वेळी सुग्राबीनं हाळी दिली.

अब्दुल गनीनं मालवाहू ऑटो आणला. पिंटूचं डोकं मायच्या मांडीवर होतं, पाय अब्दुल गनीच्या लुंगीत गुंडाळलेला. मारेगावच्या रस्त्यावर एका खड्ड्याच्या हिसक्यानं तो शुद्धीवर आला. बराच वेळ त्यानं आईच्या जळलेल्या भुवयांकडे पाहिलं.

"माय, शिट्टी झालती न?" तो म्हणाला. "तुले आयकू नाही आली काय?"

लीलाबाईनं काही म्हणायच्या आत सुग्राबी पुढे सरकली. मघाशी बायांना उचलताना तिनं दोराचा शेपटा पाहिला होता, गाठीचा पीळ अजून त्यात होता. "बेटा, तिनं कमरले गाठ मारली होती," ती म्हणाली. "गाठ सुटली नाही. तिच्या हातात काही नव्हतं."

पिंटूनं डोळे मिटले. त्याला ते पटलं असतं. पटलं असतं तर सगळ्यांचंच बरं होतं, आणि सुग्राबी लीलाबाईकडे डोळ्यांनी विनवून पाहत होती, की बाई, आता गप राहा.

"गाठ तं तुह्याच काठीनं सुटली होती," लीलाबाई म्हणाली. "शिट्टीबी आयकली मी. मीच धरून होती."

लीलाबाईला त्याच्या तोंडावरची राख पुसायची होती, पण तिची बोटं सुजून वळत नव्हती, म्हणून तिनं मनगटानंच पुसली. पिंटूनं तोंड फिरवलं आणि तो रडू लागला. डोकं मात्र त्यानं तिच्या मांडीवरून काढलं नाही.